वावरात ये, घरी नको

प्रिय गड्या,

पौषात गावी येतो म्हणतोस आणि इतक्या वर्षांनी आपल्या शाळेतल्या दोस्ताला भेटायचंय, पण काय बोलावं सुचत नाही म्हणतोस. म्हणून हे पत्र जरा लांबवतो. शकुंतला रेल्वे बंद पडली, त्यामुळे मूर्तिजापूरला उतरलास तरी पुढे कारंजामार्गे दारव्ह्याची एसटीच धरावी लागेल.

त्याच्या घरी पाहुण्यासारखा जाऊ नको. खुर्ची टाकतील, पोहे येतील, अर्ध्या तासात दोघंही मोबाइलकडे बघत बसाल. वेचणीच्या दिवसात वेळही सांभाळावी लागते. दव सुकल्याशिवाय वेचणी सुरू होत नाही, कारण ओला कापूस पिवळा पडतो. संध्याकाळी काटा लागतो, किलोप्रमाणे मजुरीचा हिशेब होतो, तेव्हा तर जवळही फिरकू नको. रात्रपाळीची विजेची लाइन असली तर तो रात्रभर हरभऱ्याला पाणी देत असतो. बाजाराच्या दिवशी मात्र मजूर येत नाहीत, वेचणी बंद असते. तोच दिवस धर, आणि वावरात रोडगे, राखेत भाजलेले कणकेचे गोळे, करू म्हणून आधीच निरोप धाड. हाताला काम असलं की तोंड आपोआप चालतं. कापसाचा भाव तेवढा विचारू नको, लेका. तो स्वतः काढेल तेव्हा ऐक.

रोडग्यांचं आता नीट वाच. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य घरोघरी होतो, पण वावरातल्या रोडग्यांची चव वेगळी. आठ माणसांना दोन किलो गहू पुरे. चक्कीवाल्याला रव्यासारखं जाड दळायला सांग. बारीक पिठाचे रोडगे आत चिकट राहतात. किलोमागे अर्धी वाटी तेल कडकडीत करून मोहन घाल, दोन चमचे ओवा, मीठ. कणीक घट्ट भिजव आणि अर्धा तास झाकून ठेव. सैल झाली तर पदर एकमेकांत मिसळतात, मग आतला गोळा शिजतच नाही.

सुपारीएवढी गोळी घ्यायची, तिच्यावर तेल लावलेली पुरी गुंडाळायची, मग त्याहून मोठी, मग आणखी मोठी. प्रत्येक पदरावर तेल आणि चिमूटभर कोरडं पीठ लावायचं. शेवटी तोंड पक्कं बंद करून हलकेच दाबायचं. तोंड उघडं राहिलं की राख आत जाते आणि खाताना दाताखाली कचकच येते. किलोला दहा-बारा होतात.

गोवऱ्या पंचवीस-तीस, वाळलेल्या. ओल्या असल्या तर धुराने सगळ्यांचे डोळे जातील. हिवाळ्यात वारा उत्तरेकडून येतो, म्हणून धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आडोशाला उथळ खड्डा कर. तुराट्यांच्या ढिगापासून लांब, हे सांगायला नको. सगळे चुकतात ते इथेच. भूक लागते, जाळ असतानाच रोडगे टाकतात, वरून कोळसा अन् आतून कच्चे. जाळ पूर्ण बसू दे, गोवऱ्या वरून पांढऱ्या, आतून लाल होऊ दे. त्याला पाऊण तास लागतो. मग इंगळ (निखारे) बाजूला सारून गरम राखेवर रोडगे मांड, वर राख, तिच्यावर इंगळ. वीस मिनिटांनी उलटव, परत तेवढाच वेळ. बोटाने ठोकल्यावर पोकळ वाजला आणि भेगा पडल्या की झाला. जाड फडक्यात घेऊन झटक.

इंगळ होईस्तोवरचा तो पाऊण तास खरा कामाचा. गंजात (पातेल्यात) पाणी नि मीठ टाकून तुरीच्या शेंगा उकड. भरलेल्या पण हिरव्याच तोड, वाळायला लागलेल्या कितीही उकडल्या तरी टणकच राहतात. सोलत बसा, एकेक शेंग नि एकेक जुना मास्तर. वांग्याची भाजी तो करेल, त्याचा हात चांगला आहे. तू दीड किलो छोटी काटेरी वांगी, दोन-तीन आलू आणि सांभार (कोथिंबीर) बाजारातून आण. भाजीला रस्सा राहू दे, कोरड्या भाजीशी रोडगा घशात अडकतो.

स्वेटर आण. सूर्य बुडाला की वावरातली थंडी अंगात शिरते, आणि जेवून लगेच उठणार नाहीस तू. तूप मात्र विकत आणू नको, ते त्याच्याच घरचं. विकतचा डबा पुढे केलास तर त्याला राग येईल, आणि बरोबरच येईल.

येण्याचा दिवस ठरला की फोन कर, गोवऱ्या मी पोचवतो.

तुझा दोस्त