पेंटर, तुझा हत्ती सापडला

वडगाव, बेळगाव
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

प्रिय पेंटर,

तुझा हत्ती सापडला मर्दा. माजघराच्या भिंतीवर काढलेला. आधी खाली बस, मग पुढचं वाच.

तब्येती सगळ्यांच्या बऱ्या. माझी साखर होती तिथंच आहे, हिचा गुडघा थंडीत धरतो, आक्का ठणठणीत. हे झालं. आता भिंतीचं सांगतो.

फोन केला असता, खरं फोनवर तू मधेमधे बोलतोस आणि मग आपण भांडतो. शिवाय आक्का दिवसभर माजघरातच कसुतीचं भरतकाम घेऊन बसलेली असते. तिच्यादेखत हे बोलवत नाही.

दिवाळीआधी घराला जरा तजेला आणायचा असं सूनबाईनं मनावर घेतलं. चार महिने पाऊस, वाळत न वाळणारे कपडे, भाद्रपदापर्यंत आमच्या माजघराची काय कळा होते ते तुला माहीत आहे. एक इंटिरियरवाला बघून गेला. ओलीच्या भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाला, यावर पीव्हीसीची पॅनलं ठोकू, मागचं काही दिसणार नाही. मी म्हटलं, दिसत नाही म्हणून ओल थांबते काय? तो गेला तो परत आला नाही. मग सूनबाईनं तिच्या माहेरचा, खानापूरकडचा, म्हातारा गवंडी आणला. चुन्याचं काम येणारी अशी माणसं आता शोधावी लागतात. त्यानं खिळ्यानं भिंत खरवडली, बोटावरची पांढरी भुकटी दाखवली आणि म्हणाला, "अण्णा, इदु आगंगिल्ल." असं चालणार नाही. लोणा लागलाय.

त्यानं समजावून सांगितलं ते मला फार पटलं. आपल्या जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थरच नसतो. जमिनीतलं पाणी दगडमातीतून वर चढतं, सोबत खार आणतं. भिंत मोकळी असती तर पाणी उडून गेलं असतं. इथं ऑइलपेंटनं तिचं तोंड बांधलं. वाट न मिळालेली ओल चढत चढत कमरेपर्यंत आली, आणि खार गिलाव्याच्या आत फुगून त्याला सोडवत गेला. त्यात अप्पांच्या हातमागाचा खड्डा त्याच भिंतीलगत, नुसती माती टाकून बुजवलेला.

तर तो पोपडे काढत होता. एक मोठा पोपडा माझ्या हातात आला. उलटा करून बघतो तर मागच्या अंगाला तांबडा रंग, त्यावर पिवळी किनार. झूल! तुझ्या हत्तीची झूल! मी गवंड्याचा हात धरला. मग सूनबाईनं पातळ सुरी आणली आणि तासन् तास ती नि मी तेच करत बसलो. अंबारी निघाली, भालदाराचा फेटा निघाला, केळीची पानं निघाली. तू सरसात भुकटी कालवली होतीस ना, तो सरस ओलीनं सुटला. त्यामुळं वर जिथं भिंत कोरडी, तिथं चित्र भिंतीवर; खाली जिथं ओल, तिथं ते पोपड्याला चिकटून आलं, सगळं उजव्याचं डावं होऊन. ते तुकडे कुंद्याच्या रिकाम्या डब्यांत कागदाच्या घड्या घालून ठेवलेत. हत्तीचा एक डोळा आहे त्यात. अजून तस्साच मिस्कील बघतो.

आता जुनी गोष्ट. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनानंतर जो मे महिना आला, त्यात आक्काचं लग्न. रात्री कंदिलाच्या उजेडात तू चोपदाराला बाबल्याचं नाक दिलंस आणि सकाळी बाबल्यानंच ते पहिल्यांदा ओळखलं. सगळी गल्ली बघायला आली होती. आणि मग अप्पांनी त्यावर बदामी ऑइलपेंट ओढला. तू माझ्याशी बोलणं टाकलंस. खडेबाजारात समोरून येऊन बाजूनं निघून गेलास, अजून डोळ्यासमोर आहे. तुला वाटलं आम्हाला त्या कामाची किंमत नाही. रंग मारला त्याच्या थोडंच आधी आक्का ट्रंक घेऊन परत आली होती. आमच्या घरात त्यावर कुणी बोलायचं नाही हे ठरलं होतं, म्हणजे ठरवावंसुद्धा लागलं नव्हतं. तुला ते नंतर कळलं, आणि तू मुकाट्यानं येऊन अंगणातल्या वृंदावनाला रंग देऊन गेलास. त्या दिवसानंतर आपण हा विषय काढलाच नाही. आज काढतो. अप्पांचा राग तुझ्या हत्तीवर कधीच नव्हता. वरच्या ओळीवर होता.

आणि पेंटर, सगळ्यात स्पष्ट निघाली ती तीच ओळ. उंचावर, कोरडी. "चि. सौ. कां." पासून शेवटपर्यंत दोन्ही नावं, तुझं ते वळणदार अक्षर, खाली लफ्फेदार रेघ, टोकाला तुझी सही. काल काढल्यासारखी.

आक्का त्या दिवशी खासबागेत गेली होती. आली, चष्मा लावला, वाचलं. काही बोलली नाही. आत जाऊन सगळ्यांना चहा केला. गवंड्याला दोनदा दिला. मला रात्री झोप नाही. इतकी वर्षं झाकलेलं मी तिच्यासमोर उघडं करून ठेवलं, आणि ती त्याच्याखालीच पाट मांडून बसते, तिथंच उजेड येतो म्हणून, काचेच्या कौलाखाली. हिनं सुचवलं, तोवर एक चादर लावू. आक्कानं चादर काढून घडी घातली आणि कपाटात ठेवली.

मग परवा, तुळशीची तयारी चालली होती, ऊस बांधता बांधता मला म्हणाली, "नाव पूस. हत्ती ठेव. हत्तीनं काय केलंय?"

एवढंच. परत कसुतीत डोकं.

आता माझी काळजी तुला कळली असेल. गवंड्याला कमरेपर्यंतचा गिलावा पूर्ण काढावाच लागणार. खार राहिला तर नव्या गिलाव्यालाही खातो. म्हणजे हत्तीचे पाय जाणार, पोटाचा खालचा भाग जाणार, चोपदार गुडघ्यापासून जाणार. वरचं राहील. ही म्हणते, अर्धा हत्ती घरात बरा दिसत नाही, पूर्ण करून घ्या. सूनबाई म्हणते, जुन्याला हात लावू नका, खाली पांढरं सोडा. चिरंजीव बंगळूरहून म्हणतात, फोटो काढून फ्लेक्स करू. ते मी तुला सांगणार नव्हतो, खरं सांगितलं, कारण तुझा चेहरा मला इथं दिसायलाय.

मला वेगळंच वाटतं. गोव्याच्या देवळात तू कावीकाम बघत उभा राहिलास आणि आपली शेवटची बस चुकली, आठवतं? चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव आणि चुन्याचा तांबडा थर, आणि तो ओला असतानाच खरवडून आतल्या पांढऱ्यात चित्र काढायचं. तसे पाय कर. वरचा हत्ती तुझा त्या वेळचा, रंगीत, विटका. खालचे पाय आत्ताचे, तांबडे-पांढरे. जुनं कुठं संपलं नि नवं कुठं लागलं ते कुणालाही कळू दे. फसवाफसवी नको. आणि काव म्हणजे माती, ती चुन्यात टिकते. तुझा तो आवडता प्रशियन निळा मात्र चुन्यात मरतो, तो आणू नकोस.

बाकीच्या घराचं सांगतो. तुला बघायला आवडेल असं झालंय. कळीचा चुना पिंपात विझवला तेव्हा पाणी नुसतं रटारटा उकळलं. नात जवळ जाऊ नये म्हणून हिला पहाऱ्यावर बसवलं, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. गवंड्यानं गिलाव्याच्या चुन्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घातलं, त्याच्या बापाची रीत. सोप्याला चुन्यात रामरज, म्हणजे पिवळी माती, कालवून पातळ तीन हात दिले. पहिला हात ओला असताना असा गडद दिसला की हिनं डोक्याला हात लावला, म्हणाली घराला हळद लागली. वाळल्यावर उतरला, छान मऊ पिवळा. चुना नुसता वाळत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा चुनखडीचा दगड होतो, म्हणून दिवसादिवसानं उजळतो. आषाढातल्या त्या राखी उजेडात हा रंग घराला ऊब देईल, मला खात्री आहे. परसदाराला नीळ दिली.

समोरच्या भिंतीवर सूनबाईनं कवंदी लावलीय. खानापूरच्या रानातल्या सिद्दी बायका शिवतात ती. जुन्या लुगड्यांचे, शर्टांचे तुकडे. कडेच्या कोपऱ्यापासून धावदोऱ्यानं सुरुवात करून फिरत फिरत मधे येऊन संपवायचं, आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं. ही आधी म्हणाली, गोधडी कधी भिंतीला घालतात काय. आता पाहुणा आला की हीच पहिल्यांदा दाखवते. तिच्या शेजारी अप्पांचे मागाचे धोटे, तेल लावून, खुंटीसारखे. आक्काची कसुती चौकटीत बसवलीय, तुळशीवृंदावन आणि गोपुर. धागे मोजून घातलेले टाके, कुठं गाठ नाही, गवंतीचा टाका तर मागूनही तसाच दिसतो. ती सूनबाईला बाकीचे टाके शिकवते, मुर्गी, नेगी, मेंथी. चौकटीच्या मागं लाकडाच्या चकत्या लावल्यात, भिंतीला टेकली तर कापडाला बुरशी धरेल. आणि फडताळात गोकाकची लाकडी फळं, तीच, ज्यातलं केळं बाबल्या सोलायला बसला होता.

कुंड्या खानापूरच्याच, मातीच्या, सोप्यात आणि परसात. मनीप्लांट, नेचे, अबोली, ब्रह्मकमळ. चिरंजीवांनी अमुक झाड हवा शुद्ध करतं म्हणून यादी पाठवली. तो नासाचा १९८९ चा प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ साली जुने प्रयोग तपासून हिशेब मांडला गेला, तर वाऱ्याची बरोबरी करायला चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. मी त्याला कळवलं, आम्ही खिडकी उघडतो आणि झाड हिरवं दिसतं म्हणून ठेवतो. माजघरात एकही झाड ठेवलं नाही. तिथं उजेड कमी, आणि ओलीच्या भिंतीपाशी रोज पाणी ओतणं म्हणजे गवंड्याच्या कामावर पाणी.

ज्या गावात के. बी. कुलकर्णींनी चित्रकला शिकवली, रवी परांजपेंसारखे चित्रकार घडले, त्या गावात पोरं आता लग्नाच्या भिंतीला फ्लेक्स लावतात. मला ते फार लागतं. तुझ्यासारखे हात या गल्ल्यांनी पोसले होते.

लेकीचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. नवी जागा कशी आहे? गॅलरी आहे ना? नातवाच्या हातात खडू दे, भिंत खराब होते म्हणून ओरडू नकोस. वहिनींना नमस्कार.

गवंडी खालचा गिलावा काढायला सोमवारी येतो. तुझ्या उत्तराशिवाय मी त्याला हत्तीपाशी जाऊ देणार नाही. नावाची ओळ मी पुसू शकलो असतो, ओल्या फडक्यानं जाईल ती, खरं तुझी सही तिच्यातच आहे आणि काम तुझं आहे. मला वाटतं ओळ तू पुसावीस, आक्काच्या समोर, आणि सही खाली हत्तीच्या पायाशी नव्यानं करावीस. ते नको असेल तर तसं स्पष्ट लिही. नुसतं "बघू" लिहू नकोस, तुझं "बघू" मला माहीत आहे.

पौषात ये. तोवर आतला गिलावा वाळलेला असेल, वरचा तांबडा थर गवंडी तू आल्यावर तुझ्यासमोर ओढेल. पुण्याहून आता वंदे भारतसुद्धा बेळगावला थांबते, सांगलीला उतरून मामाकडं जेवायचं निमित्त काढू नकोस. काव, रामरज, नीळ सगळं आणून ठेवलंय. खरवडायच्या सळ्या तुझ्या तू आण.

तुझा,
सदा

ता. क. आक्कानं विचारलंय, पेंटरला अजून भाकरीबरोबर तीच लसणाची चटणी लागते काय. तिला वेगळं कळव.