जुनं मशीन घेताना साल कशाला विचारता?

संपादक साहेब, नमस्कार.

जुन्या ट्रक-मशिनरीवर काही छापून आलं की पहिला मुद्दा ठरलेला, मॉडेल कुठल्या सालचं. अहो, दहा वर्षं निवांत काम केलेलं, वेळच्या वेळी ग्रीस मिळालेलं पोकलेन आणि चारच वर्षं पण दिवसरात्र खाणीत दगड उपसलेलं पोकलेन, यातलं जास्त झिजलेलं कुठलं ते साल बघून कसं कळणार? मग लोक अवर मीटर (मशीन एकूण किती तास चाललं ते दाखवणारा) बघतात, पण मीटर बदलता येतो हे या धंद्यात सगळ्यांना माहितीये. आकडा दोन हजार तास आणि पेडलचं रबर गुळगुळीत, हे जुळत नाही ना.

मशीन बघायला जाणार असाल तर आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका, आणि गेल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावून बघा, गरम लागलं तर थंड इंजिनच्या स्टार्टिंगचा प्रॉब्लेम लपवत असतील असं समजायला हरकत नाही. सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो, पण इंजिन गरम होऊनही निळा येत असेल तर ऑइल जळतंय, आणि लोडवर भसाभस काळा आला तर एअर फिल्टर, टर्बो, नोझल बघा. ऑइल टाकायचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या बाजूने निसटलेला गॅस, किती मारतंय ते बघितलं की लायनर-पिस्टनचा बराचसा अंदाज येतो.

इंजिन तरी परवडलं हो, चेनवरच्या मशीनला खरा पैसा खातो तो खालचा भाग. ट्रॅक चेन, रोलर, स्प्रॉकेट यांच्यावरच एकूण मेंटेनन्सचा जवळपास निम्मा खर्च जाऊ शकतो, आणि घेणारे मात्र रंगावर भाळतात! मला तर ताजा रंग दिसला की आधी शंका येते, बूमच्या (पोकलेनच्या मोठ्या हाताच्या) बुडाशी आणि ट्रकच्या चेसिसवर स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ वेल्डिंग केलंय का ते शोधतो. बूम वर उचलून इंजिन बंद करा (खाली कोणी उभं राहू नका), आपोआप उतरायला लागली तर सिलिंडरचे सील नाहीतर व्हॉल्व्ह लीक आहे. ट्रक असेल तर ब्रेकच्या एअर टाकीचा ड्रेन उघडा, भरपूर पाणी आलं म्हणजे रोज काढत नव्हते, ऑइल आलं तर कॉम्प्रेसर थकलाय.

शक्य असेल तर ऑइलचं सॅम्पल लॅबला द्या. सिलिकॉन वाढलेलं असेल तर बहुतेक धूळ आत जातेय, तांबं असेल तर बेअरिंग-बुशवर संशय, सोडियम असेल तर कूलंट मिसळत असेल. फक्त ते ऑइल किती तास चाललंय ते विचारा, कालच बदललेलं ऑइल सगळं छानच दाखवणार.

आणि मालकाकडे सर्व्हिसची वही मागा. बऱ्याच मशीनना दर 250 तासांनी इंजिन ऑइल बदलायचं असतं, वहीत तशा नोंदी असतील तर मी साल विचारणारच नाही. एका बाबतीत मात्र साल बघावंच लागतं, पार्ट मिळतात का. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बंद पडला आणि कंपनीने तो बनवणंच सोडलं असेल तर चांगलं इंजिनसुद्धा उभंच राहतं.

आपल्या पेपरात जुन्या मशिनरीच्या जाहिराती छापता तेव्हा साल आणि किंमतीच्या खाली दोन ओळी अजून मागून घ्या, वही आहे का आणि पार्ट मिळतात का.

आपला,
मशिनरीच्या कामातला एक वाचक