इंजीन गार असताना

पंचवटी, नाशिक
४ जून

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सांगितल्याप्रमाणे काल संध्याकाळी इंदिरानगरला जाऊन ती विकायला असलेली जुनी मोटारगाडी पाहून आले. फोनवर तुझ्या घाईत आणि माझ्या काळजीत मूळ मुद्दा बाजूला राहतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पाऊस तोंडावर आला आहे आणि यंदाही तू स्कूटरवरून सावळघाटातून ये-जा करणार, या विचाराने मला झोप लागत नाही. तुला गाडी हवी, हे माझेही मत आहे. ही गाडी मात्र आज आहे त्या स्थितीत घेऊ नये, असे मला वाटते.

गाडीचे मालक सज्जन आहेत. क्लच घसरतो, मागचा दरवाजा ठोकून सरळ केलेला आहे आणि कूलंट, म्हणजे इंजीन थंड ठेवणारे पाणी, थोडे थोडे कमी होते, हे तिन्ही दोष त्यांनी स्वतःहून सांगितले. दोष आधीच कळले आहेत तर भाव पाडून घेऊन टाकू, असे तू म्हणालीस. पण हे तीन दोष एका मापाने मोजता येणार नाहीत. दरवाजा दिसायला वाईट आहे, एवढेच. क्लच मी स्वतः तपासला. उड्डाणपुलाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढत होता आणि वेग मात्र तेवढाच राहत होता. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलावे लागेल. आपल्या मेस्त्रींनी मजुरीसह नऊ हजारांचा अंदाज दिला आहे. हा खर्च ठरलेला आहे, तो किमतीतून वजा करता येतो.

कूलंटचे तसे नाही. ते कमी होते याचा अर्थ कुठेतरी जाते. रेडिएटरच्या होजपाइपमधून किंवा वॉटर पंपातून गळत असेल, तर जमिनीवर किंवा पाइपाच्या जोडावर खूण दिसते आणि काम थोडक्यात भागते. मी खाली वाकून टॉर्चच्या उजेडात पाहिले, सगळे कोरडे होते. मग ऑइल भरायचे झाकण उघडले. त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ, साईसारखा पातळ थर बोटाला लागला. फार थोडे अंतर चालणाऱ्या गाडीत नुसत्या बाष्पानेही असा थर धरतो, हे मला ठाऊक आहे. परंतु बाहेर कुठेही गळती नसताना तो दिसला, तर हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पातळ सीलमधून, पाणी आत शिरत असल्याची शंका घ्यावीच लागते. हेड उतरवल्यावर ते वाकलेले निघाले, तर खर्च तीस हजारांच्या पुढे जाईल, असे मेस्त्री म्हणाले.

तू सहावीत असताना आपली जुनी गाडी कसारा घाटात बंद पडली होती, ते तुला आठवत असेल. तीही जुनीच घेतली होती आणि 'पाणी जरा जास्त पिते' एवढे आम्हांला सांगितलेले होते. त्या दिवशी तापमानाचा काटा शेवटपर्यंत मधोमध होता, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. पाणी इतके उतरले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खरे तापमान दाखवेनासा होतो, हे नंतर कळले. तुझ्या बाबांनी घाईने रेडिएटरचे झाकण फिरवले आणि उकळत्या पाण्याचा फवारा त्यांच्या मनगटावर आला. तो डाग अजून आहे. शहरात अशी गाडी वर्षभर चालेलही, पण दुसऱ्या गिअरमध्ये भरल्या गाडीने घाट चढताना इंजिनावर ताण सर्वांत जास्त असतो, आणि तुझा रस्ता तर घाटाचाच आहे.

आणखी एक गोष्ट मला खटकली. मी पोहोचले तेव्हा बॉनेट गरम होते. कदाचित ते नुकतेच बाहेरून आले असतील. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण इंजीन आधीच तापलेले असले, की गार असताना ते कसे सुरू होते, हे कळायला मार्ग नसतो.

कागदपत्रे ठीक आहेत. एमएच १५चीच नोंदणी आहे, कर्जाचा बोजा उतरलेला आहे, मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करायला ते तयार आहेत. विम्याचे हस्तांतरण चौदा दिवसांत करून घ्यावे लागेल आणि त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुला मिळणार नाही. नोंदणी सप्टेंबर २०१२ची असल्याने सप्टेंबर २०२७मध्ये पंधरा वर्षे पूर्ण होतात. त्यानंतर पेठ रोडच्या आरटीओत गाडी तपासून पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि पर्यावरण कर, हा खर्चही तुझ्याच माथी येईल. गाडीच्या एक लाख साठ हजारांच्या किमतीचा विचार करताना हे सगळे धरायला हवे.

म्हणून रविवारी सकाळी लवकर निघून ये. मालकांना मी सांगून ठेवले आहे की आम्ही सातला येऊ, तोवर गाडी सुरू करू नये. मेस्त्री कूलिंग सिस्टिमला दाब देऊन पाहतील आणि कूलंटमध्ये बुडबुडे येतात का, तेही बघतील. गळती बाहेरची निघाली, तर क्लचचे नऊ हजार वजा करून त्याच दिवशी टोकन दे, मी हरकत घेणार नाही. गॅस्केटची निघाली, तर भाव कितीही उतरला तरी उठून ये. तोपर्यंत पाऊस सुरू झालाच, तर कृपा करून एसटीने ये.

तुझी,
आई