मनू, रविवारच्या फोननंतर

प्रिय मनू,

रविवारी तू "बाबा प्लीज, आता पुरे" म्हणून फोन ठेवलास त्याला आज तीन दिवस झाले. आई म्हणते आपणहून करेल ती, तुम्ही करू नका. फोन केला की माझं परत तेच 'डोळे तपासून घे' सुरू होईल हे मलाही कळतं, म्हणून लिहायला बसलोय. डोळ्यांचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय. तू पाठवलेल्या अल्बमबद्दल लिहायचंय, त्याबद्दल तुला अजून काहीच सांगितलं नाही मी.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर पंधरा दिवस पेपर नाही, टीव्ही नाही, नुसतं पडून राहायचं. तेव्हा तुझा मेसेज आला की बाबा हा अमेरिकन गायक स्टीव्ही वंडर, ह्याला लहानपणापासून दिसत नाही, ह्याचा 1976 चा 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ' ऐका. गोट्याने ते कानात घालायचं जोडून दिलं. एकवीस गाणी, जवळजवळ पावणेदोन तास. पहिल्या दिवशी मला वाटलं गोट्याने चुकून वेगवेगळ्या लोकांची गाणी लावली, कारण एक गाणं चर्चमधल्यासारखं, पुढचं नाचायचं, मधेच एक नुसतं वाद्यांचं, एक तर तीन भाषांत, झुलू, स्पॅनिश आणि इंग्लिश. हे सगळं एकाच माणसाने केलं आणि तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, म्हणजे तुझ्यापेक्षा एक वर्षाने लहान.

'सर ड्यूक' मी रोज ऐकतो. जॅझवाले ड्यूक एलिंग्टन 1974 मध्ये गेले, त्यांच्यासाठीचं गाणं ना ते? त्यात काउंट बेसी, एला फिट्झजेराल्ड अशी आधीच्या मोठ्या लोकांची नावं घेतलीत, मला ते गुरुवंदनेसारखं वाटलं. मधे गाणं थांबतं आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोन, गिटार सगळे एकदम एकच तान घेतात, एवढी लांब आणि अवघड, तरी कुणीही पुढे मागे होत नाही. आपल्याकडे बैठकीत अशा जागेला आपोआप दाद जाते. माझीही गेली, मोठ्याने. आई ओट्यावरचं सोडून धावत आली, तिला वाटलं डोळा दुखला.

'व्हिलेज घेटो लँड'चे शब्द गोट्याने समजावून सांगितले. वाद्यं ऐकलीस तर राजवाड्यातल्या मेजवानीची वाटतात, आणि शब्द सगळे गरीब वस्तीतल्या भुकेचे. दुसऱ्या दिवशी परत लावलं तेव्हा माझ्याच्याने पूर्ण ऐकवलं नाही. आणि 'पास्टाइम पॅरडाइज' चालू असताना शेवटी शेवटी चर्चच्या गायकांबरोबर हरे कृष्ण ऐकू आलं तसा मी उठूनच बसलो. आबांचं गुरुवारचं भजन आठवलं. तू चार वर्षांची असशील, त्यांच्या मांडीवर बसून पेटीचा भाता धरायचीस. तोपर्यंत आबांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पायरीवर पाऊल वाजलं की कोण आलं ते सांगायचे, तांदूळ निवडायला बसले तर आईपेक्षा स्वच्छ निवडायचे. आम्हाला वाटायचं वयाने झालं असेल. काचबिंदू हा शब्दच घरात कुणाला माहीत नव्हता गं, आणि तो बहुतेक वेळा दुखत नाही, कडेकडेचं हळूहळू जात राहतं, आपल्याला पत्ताच लागत नाही.

बघ, आलाच विषय.

तू मागे फोनवर सहज म्हणालीस की रात्री ऑफिसमधून येताना समोरच्या गाड्यांच्या लाइटभोवती गोल कडी दिसतात. तू म्हणतेस चष्म्याचा नंबर वाढला असेल, असेलही. पण माझ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, काचबिंदूसाठी सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी डोळ्यांचं प्रेशर, म्हणजे आतला दाब, तपासून घ्यायचंच. दादाने लगेच घेतलं. दहा मिनिटांचं काम आहे. स्टीव्ही वंडर दिवस भरायच्या आधी जन्मला, काचेच्या पेटीत ठेवून ऑक्सिजन दिला आणि त्यात डोळे गेले. त्याच्या आईच्या हातात काय होतं तेव्हा? आपल्या हातात आहे आणि तरी तू टाळतेस. 1973 मध्ये त्याच्या गाडीला अपघात झाला, लाकडाचे ओंडके नेणाऱ्या ट्रकशी, कित्येक दिवस शुद्धीवर नव्हता. हे गोट्याने वाचून दाखवल्यापासून तू बर्फात, अंधारात एकटी गाडी चालवतेस हेच डोळ्यासमोर येतंय.

चुकलं, परत लेक्चर झालं. तिकडे एकटीने घर लावलंस, स्वतःच्या पैशाने गाडी घेतलीस, मी सगळ्यांना सांगत असतो. डेट्रॉइटच्या त्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीच्या घरासमोरचा, निळ्या अक्षरांतल्या हिट्सव्हिलच्या पाटीखालचा तुझा फोटो आईने देवघराशेजारी लावलाय. अकरा वर्षांचा होता ना स्टीव्ही, पहिल्यांदा त्या कंपनीत गेला तेव्हा?

'इझन्ट शी लव्हली'बद्दल लिहायचं राहिलंच. ते त्याने 1975 मध्ये झालेल्या मुलीसाठी केलं, आयेशासाठी. बाळाच्या रडण्याने सुरू होतं आणि शेवटी अंघोळीचा आवाज आहे, पाणी, बाळ, आणि तो स्वतः तिच्याशी बोलतोय. सहा मिनिटांच्या वर आहे गाणं, रेडिओसाठी कापायला सांगितलं तर त्याने कापू दिलं नाही. बरोबरच केलं. मला आपली कराडची न्हाणी दिसली. आजी पाटावर पाय लांब करून बसलेली, तू तिच्या पायांवर पालथी, मी तांब्याने पाणी घालतोय आणि आजी ओरडतेय, अरे गरम बघ आधी, हात घालून बघ. तू इतकी रडायचीस आणि धुरी झाली की लगेच झोपायचीस, मूठ घट्ट, आणि पापण्या ओल्या. तो बाप हे सगळं नुसतं ऐकून साठवत होता. त्याने लेकीचा चेहरा कधी बघितलाच नाही. मी बघितला. मला अजून बघायचाय.

माझं बरं आहे. रोज रात्री नऊला ड्रॉप. खालची पापणी ओढून एक थेंब टाकायचा, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून दोन-तीन मिनिटं बसायचं. घड्याळ बघता येत नाही म्हणून मी 'इफ इट्स मॅजिक' लावतो, त्यात त्याचा आवाज आणि हार्प, डोरोथी अ‍ॅशबी नावाच्या बाईंनी वाजवलीय. तीन मिनिटांचं आहे. गाणं संपलं की बोट काढायचं.

नऊ वाजत आले. दिवाळीला येणार आहेस का ते आईला कळव, तिला चकलीची भाजणी दळायला द्यायचीय.

तुझा
बाबा

ता.क. चष्म्याच्या दुकानात नुसता नंबर काढून येऊ नकोस मनू, प्रेशर बघा असं सांग. तारीख मिळाली की तेवढीच मेसेज कर, मी पुढे काही विचारणार नाही.