‘स्मॉल ग्रुप’ म्हणजे नक्की किती जण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पर्यटन पुरवणीत हल्ली बेटांवरच्या ‘स्मॉल ग्रुप’ टूर्सबद्दल बरंच छापून येतंय, डायव्हिंग, जंगल, गावातला मुक्काम असं सगळं एकत्र, आणि वाचून बरं वाटतं कारण पन्नास जणांची झुंड घेऊन बेट पालथं घालण्यापेक्षा हे कधीही चांगलं. पण छोटा ग्रुप म्हणजे नक्की किती जण, आणि त्याच दिवशी त्याच जागी असे अजून किती छोटे ग्रुप उतरणारेत, हे कुणीच लिहीत नाही. दहा-दहा जणांच्या आठ बोटी एकाच रीफवर, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाच्या पट्ट्यावर, आल्या तर भार ऐंशी माणसांचाच पडणार ना.

पाण्याखाली हे लगेच कळतं. एका गाइडमागे चार डायव्हर असले की त्याचं प्रत्येकाकडे लक्ष राहतं, आठ-दहा झाले की मागे कुणाचा फिन (पायातला पोहण्याचा पंख) कोरलला, म्हणजे प्रवाळाला, घासतोय याचा त्याला पत्ताच नसतो. ज्याला बॉयन्सी, म्हणजे पाण्यात अधांतरी तरंगत राहणं, नीट जमत नाही तो तळाशी टेकला की वाळू उडते आणि कोरलवर जाऊन बसते, आणि तुटलंच तर काही कोरल वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात.

पिग्मी सीहॉर्सचं बघा. दोन सेंटीमीटरचा हा इवलासा समुद्रघोडा, सी फॅनला (पंख्यासारख्या पसरलेल्या कोरलला) शेपटी गुंडाळून बसलेला, रंग आणि अंगावरच्या गाठी हुबेहूब त्या सी फॅनसारख्या, गाइडने बोट दाखवलं तरी आधी दिसतच नाही. मग कॅमेरेवाले एकामागून एक फ्लॅश मारत रांग लावतात, तो तोंड फिरवतो, तर काहीजण चक्क काडीने त्याला आपल्याकडे वळवतात. संताप येतो हे बघून. तो पळून जाणार तरी कुठे, मोठा झाला की त्याचं सगळं आयुष्य बहुतेक त्या एकाच सी फॅनवर जातं.

आणि नियम करता येत नाहीत असं अजिबात नाही. इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांवर राष्ट्रीय उद्यानातल्या बहुतेक जागी नॅचरलिस्ट (निसर्गाची माहिती देणाऱ्या) गाइडशिवाय उतरता येत नाही, एका गाइडमागे जास्तीत जास्त 16 जण, शिवाय कुठली बोट कुठल्या दिवशी कुठल्या बेटावर जाणार हे आधीच ठरलेलं असतं. थायलंडची माया बे ही खाडी पर्यटकांच्या गर्दीमुळे 2018 मध्ये बंद केली, तिथे ब्लॅकटिप रीफ शार्क परत दिसायला लागले, आणि 2022 मध्ये उघडली तेव्हा बोटींना खाडीत यायला बंदीच, मागच्या बाजूने उतरायचं. म्हणजे नुसता ग्रुपचा आकडा ठरवून भागत नाही, त्या जागेला किती झेपतं ते आधी ठरवावं लागतं.

गावांचंही तेच. पॅसिफिक महासागरातल्या वनुआतू देशाच्या पेंटेकोस्ट बेटावर पुरुष पायाला वेली बांधून उंच लाकडी मनोऱ्यावरून उडी मारतात, ते याम या कंदाच्या पिकाशी जोडलेलं आहे आणि एप्रिल ते जूनच्या सुमारासच होतं कारण तेव्हाच वेलींमध्ये पुरेसा ओलावा असतो. 1974 मध्ये ब्रिटनच्या राणीच्या भेटीसाठी हंगाम नसताना उड्या ठेवल्या, वेली तुटल्या आणि एक माणूस जिवाला मुकला. पाहुण्यांच्या तारखेला गावाने नाचायचं, उड्या मारायच्या, हे छोट्या ग्रुपसाठी केलं तरी चुकीचंच आहे असं मला अगदी मनापासून वाटतं.

म्हणून विनंती आहे की पुरवणीत अशा टूरची माहिती देताना हॉटेलच्या फोटोंसोबत एवढं तरी छापा, पाण्यात एका गाइडमागे किती जण, त्या साइटवर दिवसाला किती लोकांना परवानगी आहे, आणि गावातला कार्यक्रम कधी करायचा आणि करायचा की नाही हे गाव ठरवतं की टूरवाले. ज्यांच्याकडे याची उत्तरं नाहीत त्यांचंही नाव छापा आणि समोर ‘माहिती दिली नाही’ असं लिहा, बुकिंग करायचं की नाही ते वाचक बघून घेतील.

आपली,
पुरवणीची नियमित वाचक