बर्नहॅम बीचेसमधल्या त्या आजी-आजोबांचे आभार

ऑक्टोबरात आईला बर्नहॅम बीचेस दाखवायला नेलं होतं. स्लाउजवळचं, बकिंगहॅमशायरमधलं हे शांत जंगल 1880 पासून सिटी ऑफ लंडनने राखलंय. शेंडे छाटून छाटून बुटके राहिलेले, पोटं सुटलेले, शेकडो वर्षांचे बीच वृक्ष. आई त्यांच्याकडेच बघत चालत होती आणि पाचोळ्याखालच्या मुळात पाय अडकून पडली. घोटा टम्म सुजला. मोबाइलला रेंज नाही, गाडी लांब.

तेवढ्यात कुत्र्याला फिरवणारं एक वयस्कर जोडपं आलं. आजोबांनी ओल्या पाचोळ्यात गुडघे टेकून आईच्या बुटाची नाडी अलगद सैल केली. आजींनी गळ्यातला स्कार्फ काढून घोट्याला बांधला, थर्मासमधला चहा दिला. बिनसाखरेचा! एरवी नाक मुरडणाऱ्या आईने तो मुकाट्याने संपवला. मग आजोबांची काठी आणि आजींचा खांदा घेऊन, थांबत थांबत गाडीपर्यंत आलो. त्यांना खरं तर उलट्या दिशेला जायचं होतं, हे नंतर कळलं.

काठी त्यांनी परत घेतलीच नाही. आणि गडबडीत नाव विचारायचं राहून गेलं. आईचा पाय आता बरा आहे, काठी आमच्या दाराशी उभी आहे. तुम्हा दोघांचे (आणि तुमच्या कुत्र्याचेही) मनापासून आभार.