राजाचे नाव त्याच्या मोहोरेवर आहे तसे छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जेरुसलेममधल्या जुन्या मोहोरांवरचा लेख वाचला. मराठी दैनिकात या विषयाला पानभर जागा मिळाली, फार बरे वाटले. पण मथळ्यात 'राजा एझिकेल' आणि मजकुरात 'हेझेकाया' छापून आले आहे. ही दोन वेगळी माणसे आहेत आणि लेख त्यांतल्या एकाचाच आहे, म्हणून लिहिते.

येहेज्केल, म्हणजे तुमच्या मथळ्यातला 'एझिकेल', हा संदेष्टा. राजा वारल्यावर सुमारे शंभर वर्षांनी तो बॅबिलोनच्या बंदिवासात होता. लेखातला राजा यहूदाचा, म्हणजे जेरुसलेमभोवतीच्या ज्यू राज्याचा. त्याचे हिब्रू नाव हिज्कियाहू. दोन्ही नावांचा धातू एकच, ह-ज-क, म्हणजे बळ. बायबलात मोशेनंतरचा पुढारी यहोशवा, त्याला देव म्हणतो ना, 'हजाक वे-एमात्स', खंबीर हो, हिंमत धर, तोच शब्द. एका नावात पुढे 'एल' आहे, दुसऱ्यात 'याहू', आणि दोन्ही देवाचीच नावे. ग्रीकांनी राजाचा 'एझेकियास' केला आणि तिथून नावे एकमेकांसारखी दिसू लागली.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. माझ्या आजोबांचे नाव मशिदीत येहेज्केल (सिनेगॉगला आमच्याकडे मशीदच म्हणत) आणि रेवदंड्याच्या सातबाऱ्यावर हसाजी. कोकणातल्या जिभेने ते नाव वळवले, पण कानांनी ऐकून वळवले. 'हेझेकाया' मात्र इंग्रजी अक्षरे बघून तयार झालेले आहे. मराठी बायबलात 'हिज्कीया' कधीचे छापले जाते आणि ते चूक नाही. हिब्रू बायबलातही हिज्किया, हिज्कियाहू, येहिज्कियाहू अशी रूपे येतात. शिवाय 'जवळ'मधला ज आपल्याकडे आहेच. तो वापरला की उच्चार इंग्रजीपेक्षा मुळाच्या जवळ जातो.

तुमच्या लेखातली मोहोर म्हणजे मातीच्या गोळीवर उठलेला ठसा आहे, जेमतेम सेंटिमीटरभर. जेरुसलेमच्या मंदिराच्या टेकडीखाली ओफेल या भागातल्या उत्खननात तो सापडला आणि २०१५ मध्ये जाहीर झाला. मधोमध पंख खाली वळलेले सूर्यबिंब आहे. मागच्या बाजूला पपायरसची (लव्हाळ्याच्या जुन्या कागदाची) वीण आणि दोऱ्याच्या खुणा अजून दिसतात, म्हणजे कोणत्या तरी गुंडाळीला ही माती ओली असताना लावली होती. मजकूर असा: 'आहाजचा पुत्र, यहूदाचा राजा हिज्कियाहू याची'. शेवटचा 'हू' तिथे स्पष्ट आहे. अश्शूरचा (असीरियाचा) राजा सन्हेरीब याने याच राजाला 'पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा कोंडला' असे आपल्या मातीच्या प्रिझमवर, म्हणजे बहुकोनी ठोकळ्यावर, कोरून घेतले. त्याच्या लेखनिकानेही नाव 'हझाकियाऊ' असे लिहिले. शत्रूच्या माणसाने शेवटचा ऊ गाळला नाही, आपण तर त्या राजाचे कौतुक करायला बसलो आहोत.

लेखात राज्यकाळ 'इ.स.पू. ७१५ ते ६८६' असा ठामपणे दिला आहे. तो एवढा सरळ नाही. बायबलातल्या राजांच्या पुस्तकानुसार तो २५व्या वर्षी गादीवर आला आणि २९ वर्षे राज्य केले. पण त्याच पुस्तकात शोमरोन (उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी) त्याच्या ६व्या वर्षी पडले आणि सन्हेरीब १४व्या वर्षी आला. पहिली घटना ७२२च्या सुमाराची, दुसरी ७०१ची. म्हणून काही अभ्यासक ७२७ पासून मोजतात, काही ७१५ पासून. त्याने सन्हेरीबला दिलेल्या खंडणीचेही तसेच: बायबलात चांदी ३०० किक्कार (जुने वजनी माप), अश्शूरच्या नोंदीत ८००. सोने मात्र दोन्हीकडे ३०. हे वाचले की मला त्या दोन्ही नोंदी जास्तच खऱ्या वाटतात.

२०१७ मध्ये भाचीकडे अश्दोदला गेले होते, तेव्हा तिने मला गिहोन झऱ्यापासून शिलोहच्या तळ्यापर्यंतच्या बोगद्यातून नेले. ५३३ मीटर, मांडीपर्यंत गार पाणी, वेढा पडला तर शहराला पाणी मिळावे म्हणून खडकात खोदलेला. टॉर्च भिंतीजवळ धरली तर छिन्नीचे घाव दिसतात, आणि मध्यावर त्यांची दिशा उलटते. दोन्ही टोकांकडून खोदत आलेले लोक तिथे भेटले. १८८० मध्ये सापडलेल्या शिलालेखात लिहिले आहे की तीन हात खडक उरला असताना पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली. तो दगड आता इस्तंबूलला आहे आणि त्यात राजाचे नावच नाही. बोगदा हिज्कियाहूचा, हे ग्रंथ सांगतात. मी भिंतीवर हात ठेवून त्याचे नाव मोठ्याने घेतले. पुढे चालणारी मुले वळून बघू लागली.

येत्या रविवारी त्याच पानावर चौकटीत दुरुस्ती द्यावी: राजाचे नाव हिज्कियाहू, किंवा मराठी बायबलप्रमाणे हिज्कीया. आणि येहेज्केल संदेष्ट्याला मथळ्यातून काढावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे